नेटजवळचा माणूस

१९९८ च्या ऑगस्टमध्ये न्यू हेवनच्या स्पर्धेत लिएंडर पेसने पीट सॅम्प्रासला ६-३, ६-४ असं सरळ दोन सेटमध्ये हरवलं. सॅम्प्रास नुकताच आपलं पाचवं विम्बल्डन जिंकून आला होता. लिएंडरनेही त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या हिरवळीवर एटीपी मालिकेतलं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. त्या ऑगस्टमध्ये तो जागतिक क्रमवारीत ७३ वा झाला. वय पंचवीस. इथून आता गाडी वर जाणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण एकेरीत लिएंडर ७३ च्या वर कधी गेला नाही, न्यूपोर्टनंतर दुसरं विजेतेपद आलं नाही, आणि ग्रँडस्लॅम स्पर्धांत तिसरी फेरी त्याने कधी ओलांडली नाही.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, महेश भूपतीबरोबर तो चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांच्या दुहेरीच्या अंतिम फेरीत होता. पॅरिस आणि विम्बल्डन या दोघांनी जिंकलं, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका निसटलं, आणि दुहेरीच्या क्रमवारीत ते अव्वल ठरले. तिथून धरलेला रस्ता अठरा ग्रँडस्लॅम विजेतेपदांपर्यंत गेला: आठ पुरुष दुहेरीत, दहा मिश्र दुहेरीत. १९९२ च्या बार्सिलोनापासून २०१६ च्या रिओपर्यंत सात ऑलिंपिक. दुसरा कुणी टेनिसपटू सात ऑलिंपिक खेळलेला नाही.

मग हा माणूस एकेरीत मोठा का झाला नाही? भारतीय टेनिसच्या गप्पांत हा प्रश्न पंचवीसेक वर्षं फिरतो आहे आणि त्याची तयार उत्तरंही फिरताहेत. कुणी उंचीला दोष देतं, कुणी सर्व्हिसला, कुणी काळाला. दुहेरीत पैसा लवकर दिसला म्हणून तो तिकडे वळला, असंही खासगीत बोललं जातं. प्रत्येक उत्तरात थोडं तथ्य आहे, पण एकही पुरं पडत नाही. कारण लिएंडरच्या एकेरीच्या नोंदीत सॅम्प्राससारखे विजय अधूनमधून असे उगवतात की मांडलेला हिशेब पुन्हा पुसावा लागतो.

घराण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. वडील डॉ. वेस पेस, मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातले. आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधार. मुलगा कोलकात्यात वाढला आणि बारा वर्षांचा असताना मद्रासला ब्रिटानिया-अमृतराज योजनेत दाखल झाला. १९९० मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद, १९९१ मध्ये अमेरिकन ओपनचं. म्हणजे सुरुवातीची पाटी एकेरीचीच होती. सोळाव्या वर्षी कर्णधार नरेशकुमार यांनी त्याला डेव्हिस करंडकात उतरवलं.

आता खेळाकडे येऊ. लिएंडरचा एकेरीतला एक पॉइंट डोळ्यांपुढे आणा. समोरच्याची दुसरी सर्व्हिस पडते. लिएंडर बेसलाइनच्या आत उभा. बॅकहँड एका हाताचा, रॅकेट जेमतेम खांद्यापर्यंत मागे गेलेली. चेंडूला तो मारत नाही, कापतो. कापलेला चेंडू खाली राहून कोर्टात खोल जातो आणि त्याच्या मागोमाग हा धावत सुटतो. सर्व्हिस लाइनजवळ एक छोटीशी उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, आणि समोरून येणारा पासिंग शॉट जिथे असेल तिथे रॅकेट. पहिली व्हॉली क्वचितच पॉइंट संपवते. पुष्कळदा ती पायाशी आलेल्या चेंडूची हाफ व्हॉली असते, टप्पा पडताक्षणी उचललेली, नेटवरून चार बोटं वर. दुसऱ्या व्हॉलीला मात्र तो नेटला चिकटलेला असतो आणि तिथून त्याला चुकवून चेंडू काढणं फार थोड्यांना जमायचं. त्याचे हात जलद होते हे सगळेच सांगतात. मला त्याचे पाय जास्त महत्त्वाचे वाटतात. चेंडू कुठे येणार हे समोरच्याच्या खांद्यावरून ओळखून तो अर्धं पाऊल आधीच निघालेला असायचा.

हे सगळं झालं नेटजवळचं. नेटपर्यंत पोचायचं कसं, ही त्याची रोजची अडचण. फोरहँडला वजन नव्हतं. बॅकहँड बहुतेक वेळा स्लाइसच. बेसलाइनवर आठ-दहा फटक्यांची देवाणघेवाण झाली की हळूहळू तो मागे ढकलला जायचा, आणि मागे गेलेला लिएंडर म्हणजे निम्मा लिएंडर.

इथे उंची आणि सर्व्हिसचा मुद्दा तपासून घेऊ. सर्व्हिस-व्हॉली खेळणाऱ्याला सर्व्हिसवर फुकटचे पॉइंट मिळाले पाहिजेत; सॅम्प्रास, इव्हानिसेविच, क्रायचेक यांना ते मिळत. पाच फूट दहा इंचांच्या लिएंडरला प्रत्येक पॉइंट कमवावा लागे. खरं आहे. पण त्याच काळात त्याच्यापेक्षा बुटका मायकेल चँग क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. आणि घरचंच उदाहरण घ्यायचं तर रमेश कृष्णन. रमेशची सर्व्हिस लिएंडरपेक्षाही सौम्य होती. तरी रमेश २३ व्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत दोनदा आणि विम्बल्डनच्या एकदा खेळला. कारण चेंडू लवकर घेऊन समोरच्याचाच वेग त्याला परत करायची किमया रमेशच्या फटक्यांत होती. बेसलाइनवर तो तासभर तग धरू शकत असे. चँगचंही तेच. म्हणजे दोष सर्व्हिसपाशी थांबत नाही. सर्व्हिस बेताची असेल तर जमिनीवरचे फटके भक्कम हवेत, फटके बेताचे असतील तर सर्व्हिस जबर हवी. लिएंडरकडे दोन्ही बेताचं होतं.

जाता जाता एक गोष्ट. रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज, रमेश आणि मग लिएंडर अशी ‘नजाकतीच्या भारतीय टेनिस’ची एक माळ ओवली जाते. ती मला पटत नाही. पहिले तिघे आपापल्या परीने शैलीदार. लिएंडरचा खेळ शैलीदार कधीच नव्हता. तो धडपड्या होता, चेंडूवर झेपावणारा, पडणारा, उठून ओरडणारा. त्याच्या व्हॉलीत सौंदर्य होतं ते निकडीचं. वडिलांच्या हॉकीशी त्याचं नातं रामनाथनच्या टेनिसपेक्षा जवळचं वाटतं.

काळाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्टेन पॅरिसमध्ये जिंकला तो पॉलिस्टरच्या नव्या तारांनी खेळून. पुढच्या काही वर्षांत त्या तारा सगळीकडे पसरल्या. चेंडूला जबर टॉपस्पिन देऊन, पूर्ण ताकदीने मारूनही तो कोर्टात पाडता येऊ लागला. नेटवर आलेल्याच्या पायाशी बुडणारा पासिंग शॉट ही आधी थोड्यांची विद्या होती, ती सर्रास झाली. २००१ मध्ये विम्बल्डनने गवताचं मिश्रण बदललं, संपूर्ण राय गवत पेरलं. चेंडूचा टप्पा उंच आणि भरवशाचा झाला. २००२ च्या अंतिम फेरीत ह्युइट आणि नालबँडियन दोघेही बेसलाइनवरून खेळत होते. लिएंडर पंचविशीत होता तेव्हा त्याच्या एकेरीच्या पायाखालची जमीन अशी सरकत होती. पण याने फार तर घसरणीचा खुलासा होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेटवर जाऊन पोट भरणारे खेळाडू पुष्कळ होते, तेव्हाही लिएंडर शंभराच्या आसपासच होता.

आता डेव्हिस करंडक. इथे येऊन सगळी उत्तरं अडखळतात.

१९९३ च्या जुलैमध्ये भारताचा संघ फ्रान्समध्ये फ्रेजूस इथे गेला. समोर फ्रान्स, पायाखाली लाल माती. नेटवर धावणाऱ्यासाठी याहून वाईट जागा नसते. वीस वर्षांच्या लिएंडरने अर्नो बोएत्श आणि हेन्री लेकोंत या दोघांनाही हरवलं, निर्णायक एकेरी रमेशने काढली आणि भारताने लढत ३-२ अशी जिंकली. दोन वर्षांनी दिल्लीच्या हिरवळीवर क्रोएशिया. गोरान इव्हानिसेविच तेव्हा पहिल्या दहांत होता. लिएंडर पहिले दोन सेट हरला, तिसरा टायब्रेकवर काढला, चौथा ६-४ आणि पाचवा ६-१.

हिरवळ, घरचे प्रेक्षक आणि तिरंगा, एवढ्यावर लोक समाधान मानतात. देशासाठी खेळताना लिएंडर वेगळाच असायचा, हे तो स्वतःही सांगत आला आणि आपणही मान डोलावत आलो. पण भावनेने फोरहँड सुधारत नाही. फ्रेजूसला हिरवळ नव्हती, घरचे प्रेक्षक नव्हते. मला दोन-तीन साधी कारणं दिसतात. डेव्हिस करंडकात कर्णधार कोर्टावर खुर्ची टाकून बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलू शकतो. एटीपी स्पर्धांत त्या काळी ही मुभा नव्हती. लिएंडरसारख्या, दर गेमला डावपेच बदलणाऱ्या खेळाडूला याचा फायदा मोठा. दुसरं, पाच सेट. त्याचा खेळ समोरच्याची लय मोडण्यावर उभा होता: एकदा कापलेला रिटर्न, एकदा थेट चढाई, एकदा मुद्दाम संथ चेंडू. लय मोडायला वेळ लागतो. इव्हानिसेविचच्या सामन्यात तो दोन सेट लागला. तीन सेटच्या सामन्यात तोवर हस्तांदोलन होऊन गेलं असतं.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं. हा खेळ अंगावर फार महाग पडणारा होता. प्रत्येक पॉइंटला धाव, झेप, अंदाज आणि जोखीम. असा खेळ एक शनिवार-रविवार खेळता येतो. ऑलिंपिकचा एक आठवडाही निभावतो. क्रमवारी मात्र वर्षभराच्या कामगिरीवर चालते. कुठल्या तरी मंगळवारी, रिकाम्या स्टँडसमोर, पहिल्या फेरीतला कंटाळवाणा सामना ६-४, ६-४ असा उरकता यावा लागतो. चांगले फटके असलेल्या खेळाडूला वाईट दिवशीही ते जमतं. लिएंडरचा वाईट दिवस फार वाईट असायचा.

अटलांटा १९९६ या मापाने पाहिलं की उलगडतं. वाइल्ड कार्डवर आलेला, क्रमवारीत १२६ वा. पहिल्या फेरीत सॅम्प्रास समोर यायचा होता. त्याने माघार घेतली आणि त्याच्या जागी आलेला रिची रेनेबर्ग तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला जायबंदी होऊन निघून गेला. इथवर नशीब. पुढे निकोलस पेरेरा, मग टॉमस एन्क्विस्ट, मग रेन्झो फुर्लान, तिघेही सरळ सेटमध्ये. हे नशीब नव्हे. उपांत्य फेरीत आंद्रे अगासीने ७-६, ६-३ असं थांबवलं. आधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळत असे. अटलांटाला नेमका कांस्यपदकाचा सामना पुन्हा सुरू झाला. दुखऱ्या मनगटाने खेळत लिएंडरने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला ३-६, ६-२, ६-४ असं हरवलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते हे.

एन्क्विस्ट पुढे क्रमवारीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. लिएंडरसारख्याशी पहिल्यांदा गाठ पडली की असे खेळाडू गोंधळत. पण वर्षभर तेच ते चेहरे समोर असलेल्या मालिकेत अनोळखीपणाचा फायदा किती काळ टिकणार?

दुहेरीत मात्र त्याच्या उणिवा एकामागून एक झाकल्या गेल्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकीचं हत्यार झालं. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. दोघांत वाटलं तर माणशी १८ फूट. बेसलाइनवरच्या लांब लढाया जवळपास नाहीत. सर्व्हिस बेताची असली तरी जोडीदार नेटवर उभा आहे, तो रिटर्न अडवतो. आणि तो कापलेला बॅकहँड! एकेरीत बेसलाइनवर थांबलेला प्रतिस्पर्धी त्यावर तुटून पडायचा. दुहेरीत त्या काळी सर्व्हिस करणारा धावत नेटकडे यायचा, आणि त्याच्या बुटांपाशी बुडणारा स्लाइस रिटर्न ही त्याच्यासाठी सगळ्यात वाईट बातमी. त्याने तो कसाबसा वर उचलायचा आणि लिएंडरने पुढे सरसावून खाली ठोकायचा.

भूपतीबरोबरची जोडी म्हणूनच जमली. भूपतीची सर्व्हिस आणि रिटर्न दणकट, तो वाट मोकळी करून द्यायचा; नेटवरचं काम लिएंडर उरकायचा. डेव्हिस करंडकात या दोघांनी सलग २४ दुहेरी सामने जिंकले, तो विक्रम आहे. दोघांचं आपसात पटेनासं झालं तरी हा सिलसिला २०१० पर्यंत चालला. त्या भांडणांवर आपल्याकडे खेळापेक्षा जास्त शाई खर्च झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकआधी भूपती आणि रोहन बोपण्णा या दोघांनीही लिएंडरबरोबर खेळायला नकार दिला आणि त्याला विष्णू वर्धनला घेऊन उतरावं लागलं. कोण बरोबर होतं हा वाद मी इथे उकरत नाही. एवढं नक्की की या तिघांच्या चांगल्या वर्षांत भारताला पुरुष दुहेरीचं ऑलिंपिक पदक मिळालं नाही. २००४ च्या अथेन्समध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात लिएंडर-भूपती तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असे हरले, तेवढ्याच जवळ आपण गेलो.

जोडीदार निवडणं हे त्याचं दुसरं कसब. कारकिर्दीत शंभराहून अधिक जणांबरोबर तो खेळला. एवढे जोडीदार म्हणजे स्वभावाचा दोष, असं म्हणणारे आहेत, आणि अगदीच चुकीचं नसेलही ते. पण जिंकून देणारी नावं पाहा. २००६ ला अमेरिकन ओपन मार्टिन डॅमबरोबर, २००९ ला पॅरिस आणि अमेरिकन ओपन लुकाश डलूहीबरोबर, २०१२ ला ऑस्ट्रेलियन ओपन राडेक स्टेपानेकबरोबर. दुहेरीची चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांची माळ स्टेपानेकबरोबरच्या या विजयाने पुरी झाली, आणि तीही अंतिम फेरीत ब्रायन बंधूंना हरवून. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला त्याहून मोठं काही घडलं. ब्रायन बंधू त्या मोसमातल्या पहिल्या तिन्ही ग्रँडस्लॅम जिंकून आले होते, चौथी बाकी होती. उपांत्य फेरीत लिएंडर-स्टेपानेकने पहिला सेट गमावून त्यांना बाहेर काढलं आणि अंतिम सामना ६-१, ६-३ असा जिंकला. लिएंडर तेव्हा चाळीस वर्षांचा होता. माझ्या मते त्याच्या दुहेरीतला सर्वोत्तम विजय हाच. १९९९ चा झपाटा तरुणपणाचा होता. २०१३ मध्ये दुहेरी बदलली होती, सर्व्हिस करून मागेच थांबणारे खूप झाले होते, त्याच्या स्लाइसची धार कमी झाली होती, आणि तरी नेटवरच्या त्या सहा-सात फुटांत त्याला कुणी हरवू शकत नव्हतं.

मिश्र दुहेरीतही हीच नजर. २००३ मध्ये शेहेचाळीस वर्षांच्या मार्टिना नवरातिलोव्हाबरोबर ऑस्ट्रेलिया आणि विम्बल्डन. त्यानंतर काही आठवड्यांतच तो फ्लोरिडाच्या रुग्णालयात होता. मेंदूतल्या गाठीने कर्करोगाची धास्ती घातली, निदान परजीवी संसर्गाचं निघालं. पुढे कारा ब्लॅकबरोबर तीन, मार्टिना हिंगिसबरोबर चार. या सगळ्या जणी स्वतः नेटवर पक्क्या. मिश्र दुहेरीत पुरुषाने सगळं कोर्ट व्यापायचं आणि जोडीदाराला कोपऱ्यात ठेवायचं, ही सर्रास चाल त्याने घेतली नाही.

दीर्घायुष्याला नियमांचाही हात लागला. २००६ पासून एटीपीच्या दुहेरीत ड्यूसनंतर एकच पॉइंट आणि तिसऱ्या सेटऐवजी टायब्रेक आला. सामने आटोपशीर झाले आणि पस्तिशीच्या पुढच्यांना मोसम निभावणं सोपं झालं. डेव्हिस करंडकातला सर्वाधिक दुहेरी विजयांचा विक्रम मात्र त्याला रखडतच मिळाला. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या ४२ विजयांशी बरोबरी झाली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत पुण्याला बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध संधी होती. लिएंडर आणि विष्णू वर्धन चार सेटमध्ये हरले, त्रेचाळीस वर्षांच्या पायांना पाच सेटची मांडणी झेपेनाशी झाल्याचं दिसत होतं. पुढच्या वर्षी चीनमध्ये तिआनजिनला, तीन सेटच्या नव्या पद्धतीत, बोपण्णाबरोबर दोन टायब्रेक काढून त्याने विक्रम मोडला. ज्या पाच सेटनी एकेकाळी इव्हानिसेविचला दमवलं, ते अखेरीला त्याच्याच मुळावर आले होते.

पैशाच्या मुद्द्यावर मी कुणाला दोष देणार नाही. शंभराच्या आसपासच्या एकेरीच्या खेळाडूला प्रशिक्षक, फिजिओ आणि प्रवास स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो, तोही अशा देशातून जिथे पाठीशी भक्कम व्यवस्था नाही. दुहेरीत आठवडाअखेरपर्यंत टिकण्याची खात्री असेल तर माणूस तिकडे जाणारच. पण लिएंडर तिकडे गेला तो एकेरीतून मिळवलेली सगळी विद्या घेऊन. रिटर्न, पहिली व्हॉली, एकट्याने पॉइंट ओढून काढणं, हे सगळं त्या एकेरीच्या वर्षांनी घडवलं होतं.

२०२४ मध्ये न्यूपोर्टच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, विजय अमृतराजबरोबर. त्याच वर्षी बोपण्णाने त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून अव्वल क्रमांक मिळवला. युकी भांब्री ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपन विजेता होता, एकेरीत ८३ पर्यंत पोचला आणि आता दुहेरीत रमला आहे. लिएंडरच्या ७३ व्या क्रमांकाच्या वर त्याच्यानंतर दोन भारतीय गेले: २०११ मध्ये सोमदेव देववर्मन ६२ वा, २०२४ मध्ये सुमित नागल ६८ वा. दोघेही बेसलाइनवरून खेळणारे, दोघेही व्हॉलीच्या वाट्याला फारसे न जाणारे.